एक मिथाईल लावून बघा

आमच्या मिथाईलबाईंकडे कुठलंही गाऱ्हाणं न्या, औषध एकच. "एक मिथाईल लावून बघा." मिथाईल म्हणजे एक कार्बन आणि त्याला बिलगलेले तीन हायड्रोजन, रेणूच्या अंगावर चढवायचा एवढासा दागिना. कॅन्टीनच्या आमटीला चव नाही म्हटलं, तरी बाई हेच सांगत. सांगून झालं की हात पदराला पुसत. प्रयोगशाळेची सवय असेल, असं आम्हाला वाटे.

हडपसरच्या एका औषध कंपनीत त्या आमच्या प्रमुख होत्या. प्रथिनाच्या अंगात खोबण असते, तीत औषधाचा रेणू घट्ट बसवायचा, हे आमचं काम. माझा रेणू बसे, पण घाईतल्या पाहुण्यासारखा. टेकला की निघालाच. शेवटी वरून निरोप आला, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर प्रकल्प बंद. प्रकल्पाबरोबर माझी नोकरीही जाणार, हे कोणी वेगळं सांगायला नको होतं.

बाईंनी पडद्यावरच्या खोबणीच्या चित्रावर बोट ठेवलं. "इथे मिथाईल लावा."

"मॅडम, इथे जागाच नाहीये. भिंत आहे."

"अहो, हा फोटो आहे. फोटोत माणसं श्वास रोखून उभी असतात. एरवी हलतात ना?"

आणि हात पदराला पुसून त्या गेल्या.

मी निमूटपणे मिथाईल लावलं. रेणू असा बसला की उठायचं नाव घेईना. प्रकल्प वाचला, मी वाचलो. आनंदाच्या भरात दुसऱ्या एका रेणूलाही तसंच मिथाईल लावलं, तर तो मुळी खोबणीत शिरेचना. पेढे घेऊन गेलो तेव्हा विचारलं, "मॅडम, असं कसं?"

"तिथे खरंच भिंत असेल," म्हणाल्या आणि पेढा उचलला.

मी पार चक्रावलो. बाईंना आधीच कळे, की त्या नुसता अंदाज ठोकत? निवृत्तीच्या दिवशी धीर करून विचारलंच. "आपल्याला जे सोयीचं वाटेल ते धरून चाला," हे उत्तर. वर्षभरातच धायरीच्या घरी बाई वारल्या. फार वाईट वाटलं. ते बाई गेल्याचं की उत्तर गेल्याचं, हे मला अजून धड सांगता येत नाही.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. परवा एक मुलगी रडवेली होऊन आली. तिचा रेणू बसत नव्हता. चित्र बघून मला ओ की ठो कळेना. तरी तोंडून निघालं, "एक मिथाईल लावून बघा." तिने विश्वासाने मान डोलावली आणि ती कामाला लागली.

माझ्या तळहातांना घाम फुटला होता. पुसायला मला पदर नव्हता, एवढंच.