सरळ कड

दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या गवंडीकाकांची बायको घरी केक करायची आणि काका एक डोळा मिटून म्हणायचे, "कड वाकडी आलीय गं." यंदा मात्र त्यांनी फुशारकी मारली, "सरक बाजूला. जन्मभर भिंती गुळगुळीत केल्यात, केकचं काय घेऊन बसलीस!"

नवी कोरी थापी घेऊन त्यांनी ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या केकवर पांढरंशुभ्र क्रीम चढवलं आणि मधोमध एकच फूल काढलं. कड तर ओळंबा लावल्यासारखी सरळ! "ये बघायला," त्यांनी ऐटीत हाक मारली.

ती हात पुसत येईपर्यंत क्रीम वितळून ताटात उतरलं होतं आणि फूलही घसरत निघालं होतं.

"गार होऊ द्यायचा असतो हो," ती हळूच म्हणाली.

काकांचे कान तापले. ओल्या भिंतीला रंग फासणाऱ्यांना त्यांनी आजवर काय कमी शिव्या घातल्या होत्या?

तिने चमचाभर केक तोंडात टाकला. "चव मस्त जमलीय."

कडेबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. काढला असता, तर काकांना निदान मान वर करून तिच्याकडे बघता आलं असतं.