बोटीवरच्या साखरेचा तिळगूळ

साखर गुलाबी, निळी, पिवळी आणि हिरवीसुद्धा असते, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी भर समुद्रात कळलं.

तोवर मला दोनच साखरा ठाऊक होत्या, डब्यातली आणि रक्तातली. रक्तातली वाढली म्हणून डब्यातली बंद झाली. दिल्लीत उभा जन्म सरकारी नोकरीत काढलेल्या बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. वरून आदेश आला, आपण अंमलबजावणी केली.

समुद्रात मी गेले ती मुलामुळे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दिल्लीतल्या द्वारकाच्या फ्लॅटमध्ये मी एकटी, आणि टीव्हीशी बोलायला लागले होते. (मालिकेतल्या सुनेला मी रोज बजावायची, की त्या नणंदेवर विश्वास ठेवू नकोस. तिनं कधी ऐकलं नाही.) हे फोनवर माझ्या तोंडून निसटलं आणि अनिकेत टोरांटोहून म्हणाला, "आई, तुला चेंज हवा. बिल्कुल हवा!" मग सिंगापूरहून सुटणारी क्रूझ ठरली. मुलगा-सुनेला बाल्कनीची खोली आणि मला आतली, बिनखिडकीची. "आतल्या खोलीत बोट कमी लागते, आई," अनिकेत म्हणाला. समुद्र पाहायला मला आवडेल का, हे विचारायचं राहून गेलं. माझंही सांगायचं राहून गेलं.

एवढी प्रचंड बोट, एवढी माणसं, आणि मी दिवसभर गप्प. मुलं पोहायला, नाचायला, मसाजला. मी आपली न्याहारीच्या हॉलमध्ये. तिथे कॉफीच्या यंत्राशेजारी साखरेचा स्टँड होता. पांढऱ्या पुडीत साधी साखर, खाकी पुडीत ब्राऊन, गुलाबी, निळ्या आणि पिवळ्या पुड्यांत तीन तऱ्हेच्या खोट्या साखरा, आणि हिरव्या पुडीत म्हणे कुठल्याशा झाडाच्या पानाची. पलीकडे पॅनकेकजवळ शुगर-फ्री पाकाच्या चिमुकल्या वाट्या, वर झाकण चिकटवलेलं. मी गोंधळून उभी राहिले, तर मागच्या गोऱ्या आजीबाई आपण होऊन बोलायला लागल्या! गुलाबी कडवट लागते, पिवळी बरी, हिरवीचं काही खरं नाही. चांगल्या पाच मिनिटं बोलल्या. मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन गोंधळून उभी राहिले. तिसऱ्या दिवसापासून गोंधळ अजिबात उरला नव्हता, तरी मी उभी राहायचीच. साखरेपाशी माणूस बोलतो, हा शोध मी लावला.

आणि दर वेळी थोड्या पुड्या, थोड्या वाट्या पिशवीत टाकायची. फुकट दिसलं की मराठी मध्यमवर्गीय हात आपोआप पुढे जातो, त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. सून एकदा पाहून म्हणाली, "आई, प्लीज! लोक बघतायत!" मी म्हटलं, "बघू दे. बोलत तर कुणी नाही."

दिल्लीला परतले तेव्हा डिसेंबर संपत आला होता. खिडकीबाहेर धुकं आणि घरात मी. पुढे संक्रांत येणार होती, आणि संक्रांतीची मला धास्ती वाटायची. दिल्लीतल्या मराठी बायकांचं आमचं मंडळ आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आज हिच्याकडे हळदीकुंकू, उद्या तिच्याकडे. ह्यांच्या हयातीत मी एका संध्याकाळी तीन-तीन घरं उरकायची. ते गेल्यावर बोलावणी थांबली. कुणी वाईट बोललं नाही हो! मंडळाच्या अध्यक्ष वीणाताई देवधर तर म्हणाल्या, "सुलभाताई, तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं होईल, म्हणून नाही सांगत." माझी एवढी काळजी! त्या काळजीपायी मी तीन संक्रांती टीव्हीसमोर काढल्या. रडले, खोटं कशाला सांगू.

या वर्षी मात्र बोटीवरचा शोध माझ्या मदतीला आला. आमच्या मंडळात साठीच्या आतलं कुणी नाही, आणि जिला मधुमेह नाही तिला इतर बायका जरा परकीच समजतात. मी ग्रुपवर लिहिलं, "माझ्याकडे शनिवारी तिळगूळ आणि चहा. तिळगूळ संपूर्ण शुगर-फ्री! क्रूझवरून आणलेल्या खास साखरेचा! बिनधास्त खा!" हळदीकुंकवाचा शब्दही काढला नाही. काढायचा मला अधिकार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

तासाभरात ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. वीणाताईंनी लिहिलं, "वा! अवश्य येणार!" मयूर विहारच्या मेरीताई साळवे (मूळच्या नगरच्या, नाताळात आम्हाला करंज्या खिलवणाऱ्या) यांनी विचारलं, "किती खाल्ले तर चालतील?" मी लिहिलं, "कितीही!"

हा 'कितीही' मला पुढे फार महागात पडला.

शनिवारी सकाळी तीळ भाजले, दाण्याचं कूट केलं आणि रंगीबेरंगी पुड्या फोडून कढईत ओतल्या. पाकाचं नाव नाही! पांढरी पूड कढईत भुरभुरत बसली. बोटाला लावून चाखली तर जीभ आधी गोड, मग कडू आणि मग बधिर. घाबरून अनिकेतला फोन लावला. तो अर्धवट झोपेत होता.

"आई, त्याचा पाक नाही होत. ती साखर नाहीये!"

"मग काय आहे?"

"केमिकल."

"आणि तू कॉफीत रोज काय घालतोस?"

"…तेच. आई, तू गूळ घाल ना सरळ, यार!"

गूळ? शुगर-फ्री म्हणून अख्ख्या दिल्लीला आवतण देऊन? तेवढ्यात मला पॅनकेकच्या वाट्या आठवल्या. दाट, तपकिरी, चिकट पाक! ती पूड फेकून दिली, सगळ्या वाट्या फोडून कढईत रिकाम्या केल्या, आटवल्या, तीळ-कूट घातलं, आणि काय सांगू, लाडू असे वळले गेले की माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाव ठेवलं नसतं. (ठेवलं असतं. पण जरा विचार करून.) चाखायला एक खाल्ला. फक्कड! बाकी सगळे पाहुण्यांसाठी राखले. उरलेल्या रंगीत पुड्यांच्या जुड्या बांधून प्रत्येकीला द्यायचं वाणही तयार केलं.

दुपारी बायका आल्या. काठापदराच्या काळ्या साड्या, त्यावर स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे. दहा-बारा जणींनी माझा हॉल भरून गेला आणि मला दारातच भरून आलं. आणि मग त्या खायला बसल्या! ज्यांना वर्षानुवर्षं घरच्यांनी पेढ्याचा तुकडासुद्धा मोजून दिला होता, त्यांना कुणीतरी 'कितीही' म्हणालं होतं. वीणाताईंनी "अच्छा, आता शेवटचा" म्हणत चार वेळा शेवटचा लाडू खाल्ला. मेरीताईंनी तर गप्पाच बंद केल्या, तोंडाला सवड नव्हती. मी सुखावून आग्रह करत होते. "घ्या ना! गोडाचं भय नाही!"

गोडाचं नव्हतंच.

चहा झाला, गाणी झाली, आणि वीणाताई बोलता बोलता मध्येच थांबल्या. "सुलभाताई, बाथरूम कुठे हो?" त्या आत गेल्या. लगेच मेरीताई उठल्या. मग तिसरी. बघता बघता माझ्या पॅसेजमध्ये रांग लागली, आणि रांगेतल्या बायका गप्पा मारत नव्हत्या. दारावर थाप पडली.

"वीणाताई, अहो आटपा!"

आतून आवाज आला, "माझ्या हातात असतं तर आटपलं नसतं का?"

"चला, मी निघतेच कशी," म्हणून एक जण चपला घालायला वाकली आणि तशीच जपून सरळ झाली. द्वारकाहून मयूर विहार म्हणजे मेट्रोनं तासाभराहून जास्त. निळ्या लाइनवर त्या अवस्थेत बसायची छाती कुणाला होणार?

मेरीताईंना संशय आला. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यातून त्यांनी एक वाटी उचलली, चष्मा चढवला आणि बुडाखालची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "सुलभाताई! यावर लिहिलंय, एका वेळी जास्त घेतल्यास जुलाब होऊ शकतात!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी एकच लाडू खाल्ला होता. त्यामुळे अख्ख्या घरात टवटवीत अशी मी एकटीच उभी होते. खुनाच्या जागी सुरी घेऊन सापडलेला माणूससुद्धा माझ्यापेक्षा निरागस दिसला असता.

"दुसरं बाथरूम आहे ना तुमच्याकडे?" वीणाताई बाहेर येऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभ्या राहत म्हणाल्या.

"आहे. पण ते… बंद असतं."

ते ह्यांचं बाथरूम. ते गेल्यावर त्यांचं सगळं सामान मी त्यात भरलं आणि कडी लावली. खोकी, कोट, आंघोळीची खुर्ची, शेवटी शेवटी वापरायचे तो वॉकर. एकट्या बाईला दोन बाथरूम कशाला लागतात? तीन वर्षांत ते दार उघडायचा मला धीर झाला नव्हता. वीणाताईंनी ते एका झटक्यात उघडलं.

"हे काय भरलंय सगळं?"

"ह्यांचं सामान."

"ते क्षमा करतील! व्हा बाजूला!"

चार बायकांनी निमिषात खोली रिकामी केली. ह्यांचे कोट सोफ्यावर, खोकी टीव्हीसमोर, खुर्ची बाल्कनीत. मी ओरडायला तोंड उघडलं आणि हसायलाच लागले. थोड्या वेळानं वीणाताई ह्यांचा वॉकर धरून, एक-एक पाऊल टाकत बाहेर आल्या, तेव्हा तर मला भिंतीला टेकावं लागलं. ज्या वॉकरकडे बघायची मला भीती वाटायची, त्याची मंडळाच्या अध्यक्षांनी अशी गत केली.

मग पाणी गेलं.

दोन्ही बाथरूमचे नळ फुसकन कोरडे. आमच्या सोसायटीत संध्याकाळपर्यंत पाणी येत नाही आणि टाकीनं एवढा खप कधी पाहिला नव्हता. मी समोरच्या चावलाजी बाईंची बेल वाजवली. इतक्या वर्षांत आमचं 'नमस्ते जी'च्या पुढे काही गेलं नव्हतं. त्यांनी दार उघडून माझ्या मागचा घोळका पाहिला.

"हाय, इतनी सारी लेडीज! किटी पार्टी है क्या?"

"नहीं जी, संक्रांत है। वो… बाथरूम चाहिए था।"

"सबको?"

"सबको।"

त्यांनी एकेकीचा चेहरा न्याहाळला आणि गंभीरपणे विचारलं, "आप लोगों में संक्रांत पे ऐसा करते हैं?"

नाही म्हणायलाही कुणाला वेळ नव्हता. पण बाई मोठ्या मनाची. स्वतःचं बाथरूम दिलं, बादल्या दिल्या आणि मोठं पातेलं भरून मीठ-साखरेचं पाणी केलं. "पियो जी, चीनी असली है!" साखर टाळायला आलेल्या आमच्या बायका शेवटी पेल्यापेल्यानं खरी साखर प्यायल्या. "चावलाजी, आधी तुमच्याकडेच यायला हवं होतं," मेरीताई म्हणाल्या.

अंधार पडेपर्यंत कुणी हललं नाही. मी गाद्या घातल्या, रजया काढल्या, हीटर लावला. कुणी आडवं, कुणी भिंतीला टेकलेलं, दोघी ह्यांचे कोट पांघरून. मधूनच एक जण धावायची आणि बाकीच्या टाळ्या वाजवून तिला निरोप द्यायच्या. सुनांच्या कागाळ्या निघाल्या, नवऱ्यांच्या निघाल्या, चावलाजींनी आपल्या दोन्ही सुनांच्या सांगितल्या. मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला होता. पोटं धरून बसलेल्या त्या बायकांना मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ बसा ग.

शेवटी टॅक्स्या मागवून सगळ्या गेल्या. वाण मात्र एकीनंही नेलं नाही. दार लावलं तेव्हा घर इतकं गप्प झालं की मला पक्कं वाटलं, आता या दाराशी मंडळ पुन्हा फिरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजू लागला. "तुमचं कसं आहे?" "माझं आता थांबलं." "मेरीताईंचं?" कुणी आकडे सांगितले, कुणी तुलना केली. सगळ्यांना सगळ्यांची खबर माझ्याकडेच मिळायची. टीव्ही लावायला सवडच झाली नाही.

आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी वीणाताईंचा फोन.

"सुलभाताई, उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही यायचं."

"अहो पण वीणाताई, मी…"

"काही बोलू नका. आता अवघडायला तुमच्या-आमच्यात राहिलंय काय? फक्त येताना काही म्हणजे काही आणायचं नाही!"

मी गेले. ठेवणीतली साडी नेसून, चक्क गजरा माळून गेले. दारात वीणाताई करंडा घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी करंडा खाली ठेवला, माझी पर्स उघडली, तळापर्यंत हात घालून नीट तपासली, आणि मगच मला कुंकू लावलं.