परिक्रमेला कोणतं पुस्तक न्यावं?

परवा मंगरूळपीरला शेठजींच्या कापडदुकानात एक गंभीर बैठक झाली. विषय असा, की नर्मदा परिक्रमेला पायी निघताना मी माहितीचं कोणतं पुस्तक बरोबर न्यावं... गादीवर तीन पुस्तकं मांडलेली, आणि भोवती शेठजी, गुरुजी आणि मी असे बसलेलो, जणू मुलगी बघायला आलोय.

मला भक्तीचा झटका आलेला नाही, गैरसमज नको. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा घरातून निघून गेला. अंगावर बेलबॉटम, हातात आईनं केलेल्या लाडवांचा डबा... चिठ्ठी नाही, भांडण नाही, काही नाही.

मग गेल्या वर्षी पोहरादेवीच्या यात्रेत ओळखीचा एक जण भेटला. म्हणाला, तुमचा पोरगा नर्मदेच्या काठानं परिक्रमावाल्यांसोबत चालताना पाहिला. तेव्हापासून मी निघतोच आहे.

पहिलं पुस्तक गुरुजींचं. गुरुजी म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. कोणत्या घाटावर कोणत्या ऋषीनं किती हजार वर्षं तप केलं, सगळं त्यात आहे. प्यायचं पाणी कुठे मिळतं ते नाही... ऋषींना तहान लागत नसावी.

दुसरं शेठजींनी इंदूरच्या साडूकडून मागवलेलं, हिंदी. धर्मशाळा, अंतरं, घडीचा नकाशा. आणि दर दोन पानांनी एकच वाक्य, की पुढचा रस्ता फार बिकट आहे.

तिसरं अगदी पातळ. परिक्रमा करून आलेल्या कुणीतरी स्वतःच छापलेलं. त्यात देव नाहीत, नकाशा नाही. फक्त कोणत्या गावात सदावर्त आहे, म्हणजे चालणाऱ्यांना फुकट जेवण कुठे मिळतं आणि कोण वाढतं, एवढंच.

"हे तं खादाडायचं पुस्तक हाय," म्हणून गुरुजींनी ते बाजूला सारलं.

"अन् तुमचं वाचता वाचता मानूस काठावरच समाधी घेईन, मास्तर!" शेठजी म्हणाले.

"तुमचं वाचलं तं घाबरून वापस दुकानात येऊन बसन."

चहा आला. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा बसायचं ठरलं. अशा बैठका वर्षभर चालू आहेत, फक्त पुस्तकं बदलतात...

खरी अडचण कोणत्याच पुस्तकात नाही. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मध्येच ओलांडायची नाही, असा नियम. म्हणजे सगळे एकाच दिशेनं चालणार. तो पुढे, मी मागे... त्याचं वय वीस, माझे गुडघे पन्नाशीचे. जन्मभर चाललो तरी गाठ पडायची नाही.

तिन्ही पुस्तकं घेऊन घरी आलो. बायको सुपात तूर निवडत बसली होती. तिनं हात पुसले, तिन्ही चाळली, आणि पातळ तेवढं माझ्याकडे सरकवलं. "हे न्या."

"अगं, त्यात नकाशा नाही."

"तो काय नकाशा पाहून गेला? चालनारा कुठीबी चालते. पन थांबते तो जेवाले. त्याले भूक धकत नाही, तुमाले ठाऊक नाही काय? पंगतीत पाहा त्याले. वाढनारीले इचारा. कोनतं पोरगं तिसऱ्यांदा वरन मांगते, ते वाढनाऱ्या बाईच्या ध्यानात राह्यते."

ती सुपातून वर न बघता म्हणाली, "काहून टाळून राह्यले तुमी?"

"अन् तिथंही नसला तर?"

हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो. पुस्तक ठरत नव्हतं तोवर तो नर्मदेच्या काठी नक्की होता. पुस्तक ठरलं की निघावं लागणार, निघालो की विचारावं लागणार, आणि कुणीतरी मान हलवून नाही म्हणणार...

तिनं दोन-चार खडे वेचून टाकले. "नसला तं येऊन सांगा मले. मंग त्याच्या वाट्याची भाकर मी टाकनार नाही."

आमच्याकडे रोज रात्री एक भाकरी उरते. सकाळी चहात बुडवून ती मी खातो, वर तिच्या हिशेबाची थट्टाही करतो. का उरते, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारच्या एसटीनं निघतोय. पातळ पुस्तक पिशवीत टाकलंय, सोबत त्याचा मॅट्रिकच्या वेळचा फोटो. त्यात त्याला मिशी नाही, आता असेल... तो सापडेल असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू?

बाकीची दोन पुस्तकं ज्याची त्याला परत केली. शेठजी, गुरुजी, तुमचे मनापासून आभार. पुस्तकांचे नव्हेत... वर्षभर तुम्ही माझ्यासमोर बसून चहा प्यालात, कागद कसा, छपाई कशी यावर भांडलात, आणि 'निघतोस कधी?' हे एकदाही विचारलं नाहीत, त्याबद्दल.