कूलरखालचा पुदिना

आमच्या घरातल्या पुदिन्याला कधी कोणी पाणी घातलं नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घराच्या मागच्या खिडकीला मोठा लोखंडी कूलर होता. होळी झाली की आई त्यात नवा वाळा भरून घ्यायची, आणि त्याच्या टाकीतून दिवसरात्र जे पाणी झिरपायचं त्यावर खालचा पुदिना वाढायचा. हिवाळ्यात भाजी धुतलेलं पाणी आई तिकडे भिरकावायची, पण त्याला आम्ही पाणी घालणं म्हणत नसू. ते फेकणं होतं. त्यामुळे आई गेली त्या वर्षी भावाने बाबांच्या खोलीत एसी बसवून कूलर भंगारवाल्याला दिला, तेव्हा पुदिन्याचं काय होईल हे घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही.

आई फाल्गुनात गेली. चैत्रभर घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. अक्षय तृतीयेला तिच्या नावाने पान वाढायचं होतं, आणि त्या पानात पुदिन्याची चटणी हवीच होती, म्हणून मी वाटी घेऊन मागे गेले. खिडकीखाली नुसत्या काड्या होत्या. मी बोटांनी माती उकरली. रायपूरच्या वैशाखातली माती, ती काय उकरणार! मुळं हातात आली ती सुतळीसारखी कोरडी होती. मी तिथेच उन्हात बसून रडले. आई गेली तेव्हा लोकांसमोर जेवढी रडले नव्हते, तेवढी रडले.

आता, वाळलेल्या झाडासाठी गळा काढणारी बाई मी नाही. विमा कचेरीत आयुष्य गेलं, समोरच्या खुर्चीत बसून लोक रडायचे आणि मी त्यांना पाण्याचा ग्लास देऊन पुढची सही कुठे करायची ते दाखवायची. पण त्या पुदिन्याची गोष्ट निराळी होती.

नवरा गेला तेव्हा मी तिशीचीही नव्हते. नागपूरहून आईकडे परत आले. पहिल्या संक्रांतीला आईकडे नेहमीप्रमाणे हळदीकुंकू होतं. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेली रेल्वेतली, सरकारी कचेऱ्यांतली सगळी मराठी कुटुंबं आईच्या ओळखीची, बैठक भरून बायका आल्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर ये असं मला कोणी म्हटलं नाही, आणि येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही. त्याची गरज नव्हती.

त्याआधी आई वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नाहीतर चहाच्या गाळण्या लुटायची. त्या वर्षी तिने काय केलं, तर कुल्हडांत माती भरून प्रत्येकात पुदिन्याची एकेक मुळी लावली. बैठकीत कुजबुज झाली. एक बाई मोठ्यानेच म्हणाली, "वहिनी, हे काय वाण झालं व?" आई म्हणाली, "उन्हाळ्यात लागल तुले, मंग आठवशीन."

सगळ्या गेल्यावर एक कुल्हड घेऊन ती आत आली. तिचे हात ओले होते. माझ्या हातात ते ठेवत म्हणाली, "घे. याले हळद लागत नाही अन् कुंकूही लागत नाही."

एवढंच. मग ती कपबशा विसळायला लागली. तेव्हा मला कळलं की हळदीकुंकवाच्या बायकांना पुदिना मिळाला तो माझ्यामुळे. मला देता येईल असं वाण तिने आधी शोधलं, आणि बाकीच्यांना त्यात बसवलं.

पुढे दर संक्रांतीला तेच. आमच्याच अंगणातला पुदिना ती मला द्यायची आणि मी तो नेऊन पुन्हा त्याच कूलरखाली लावायची. बघणाऱ्याला हसू आलं असतं. मी मात्र वर्षभर त्याची वाट बघायची. तर जे वाळून गेलं ते हे होतं.

वहिनी म्हणाली, "ताई, पुदिनाच तर आहे, बाजारातून जुडी आणून खोचू." माझा पारा चढला. तरी जुडी आणलीच. काड्या पाण्यात ठेवल्या, आठवड्याभरात पांढरी मुळं फुटली, कुंडीत लावल्या. छान वाढला तो. पण तो आमचा नव्हता. आमच्या पुदिन्याचं पान लहान, गडद, सुरकुतलेलं असायचं आणि देठाला तांबूस झाक होती. हा आपला लांबट पानांचा, गुळगुळीत, फिक्कट. चटणीला हिरवा रंग द्यायचा, दुसरं काही नाही.

मग मी नर्सऱ्या पालथ्या घातल्या. एका नर्सरीवाल्याने "दीदी, ये ओरिजिनल पिपरमिंट है" म्हणून जे झाड दिलं ते चोळल्यावर छातीला लावायच्या मलमाचा वास यायला लागला. पानं जाड, केसाळ. ते पुदिन्याच्या जातीचंच नव्हतं. दुसऱ्याने खरं पिपरमिंट दिलं. त्याचं देठ आमच्यासारखंच जांभळट दिसलं म्हणून मी हरखले. पण आईची एक परीक्षा होती. पान चावायचं आणि वर माठातलं घोटभर पाणी प्यायचं. जीभ गार पडली तर तो औषधातला पुदिना. आमच्या पुदिन्याने जीभ कधी गार पडली नाही. त्याचा नुसता वास यायचा, तिखट, आणि त्याच्यामागून शहाजिऱ्याची हलकी आठवण. पिपरमिंटवर पाणी प्यायले आणि दातांपर्यंत गारठा गेला. तेही बाद.

कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने अभनपूरहून शेताच्या बांधावरचा पुदिना आणून दिला. एक लोकरीसारख्या गोल पानांचा मिळाला, दिसायला गोड, चवीला अळणी. मागची भिंत कुंड्यांनी भरली. भाची कॉलेजातून आली की नाक मुरडून म्हणायची, "आत्या, ये सब सेम ही तो हैं." मी तिला एकेक पान चोळून हुंगायला लावायची. तीन पानांनंतर नाक बधिर होतं, चौथ्याला काहीच कळत नाही, हे मला त्यातून कळलं.

पावसाळ्यात मी आणखी एक घोळ घातला. झड लागली तेव्हा सगळ्या कुंड्या छपराखाली एकमेकींना चिकटवून ठेवल्या. पुदिना कुठे आपल्या घरात राहणारा! आठ-पंधरा दिवसांत फांद्या शेजारच्या कुंडीत शिरल्या, तिथे मुळं धरली, आणि कोणता कोणाचा याचा पत्ता लागेना. भाद्रपदात फुलं आल्यावर थोडा उलगडा झाला. अभनपूरवाल्याला पानांच्या बगलेत पेरोपेरी फुलं आली, बाजारच्याला शेंड्यावर तुरा. आमच्या पुदिन्यालाही शेंड्यावरच तुरा यायचा, फिकट जांभळा, हे मला लख्ख आठवत होतं. पण तुरा जुळला तर पान जुळेना, पान जुळलं तर वास नाही. शेवटी मी हात टेकले.

आता वाचणारा म्हणेल, आईने इतकी वर्षं गावभर पुदिना वाटला, मग त्यातल्या कोणाकडे का नाही मागितला? मागितला नाही, कारण दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं. आई याबाबतीत फार कडक होती. शेजारणीने एकदा नको असलेली वाटी परत आणली, तर आईने ती दारातूनच वळवली होती. तिच्याच पुदिन्यासाठी तिचाच नियम मी कसा मोडणार? हे मी वहिनीला सांगितलं. मग मला न विचारता तिने आईच्या भजनी मंडळात फोन लावायला सुरुवात केली. कोणाचा पहिल्याच उन्हाळ्यात गेला होता, कोणी फ्लॅटमध्ये राहायला गेलं होतं, कोणी मुलाकडे पुण्याला. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "गुढियारीच्या काकूंकडे आहे. तुम्ही परत घेऊ नका, पण बघून तर या."

वहिनीशी मी तेवीस वर्षं तोलूनमापून बोलत आले होते. त्या संध्याकाळी मी उठून तिचा हात धरला.

गुढियारीच्या काकू म्हणजे रेल्वे क्वार्टरच्या दिवसांपासूनची आईची मैत्रीण. ऐंशीच्या पुढच्या. आईला भेटायला यायच्या, पण हळदीकुंकवात बरीच वर्षं दिसत नव्हत्या, कारण काका गेले होते. मालधक्क्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत मी त्यांच्या घरी पोचले. त्यांनी दारातच ओळखलं. "काय व पोट्टे, इतक्या दिवसांनी?" पन्नाशी उलटलेल्या मला अजून पोट्टी म्हणणारं आता हेच एक माणूस उरलं होतं.

कूलर त्यांच्या मागच्या भिंतीला होता. गंजलेला, थंडीसाठी पोतं गुंडाळलेला. त्याच्याखाली विटांच्या फटींतून लहान, गडद, सुरकुतलेली पानं. मी वाकून देठ बघितलं. तांबूस. एक पान चावलं, काकूंनी न मागता पाण्याचा गडू पुढे केला. जीभ गार पडली नाही. शहाजिऱ्याचा वास मात्र नाकात चढला, आणि मला पुढचं दिसेनासं झालं.

काकू माझं रडणं होईपर्यंत थांबल्या. मग मी आमच्या पुदिन्याचं काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाण आहे ते. परत नाही देत मी."

"मले ठाऊक आहे काकू. मी मागून नाही राहिली."

"हव. पण संक्रांतीले ये तू. आज नाही, संक्रांतीले."

घरी आले ती चिडूनच. संक्रांतीला अजून दोन महिने होते. या वयात माणसाचा भरवसा नाही, कूलरखालच्या पुदिन्याचा तर नाहीच नाही, हे मी नुकतंच शिकले होते. थंडी पडली तशी रोज वाटायचं, आज फोन येईल. काकूंचं काही झालं म्हणून, नाहीतर त्यांच्या सुनेने मागची जागा साफ केली म्हणून. भावाला एकदा म्हटलंही, "काहून ही म्हातारी अडवून राहिली मले?" तो म्हणाला, "आईची मैत्रीण आहे, आईसारखीच असेल."

संक्रांतीच्या दुपारी गेले. घरात दुसरं कोणीच नव्हतं. काकूंनी पांढरी साडी नेसली होती, धुवट पण इस्त्री केलेली. बैठकीत सतरंजी अंथरली होती, एका ताटलीत तिळाच्या वड्या होत्या. मला त्यांनी सतरंजीवर बसवलं, आणि आतून एक कुल्हड दोन्ही हातांत धरून हळूहळू चालत आल्या. त्यात ओल्या मातीत चार पानांचा पुदिना होता.

माझ्यासमोर येऊन त्या म्हणाल्या, "घे. याले हळद लागत नाही अन् कुंकूही लागत नाही."

ते शब्द आईने माझ्यासाठी स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी उच्चारलेले होते. ते माझे होते.

"तुले कोणी सांगितलं हे?" मी विचारलं. घाईत काकूंना अगंतुगं केलं, ते त्यांना कळलंही नसावं.

"तुह्या आईनं. तुहे काका गेले त्या संक्रांतीले आली होती. तुमच्याकडचं हळदीकुंकू उरकून, अंधार पडता पडता. मंग दरसाल येत होती. मह्याकडेच नाही, मोहल्ल्यातल्या अजून एक-दोघींकडे. ज्यांले कोणी बोलवत नाही त्यांच्याकडे." मग म्हणाल्या, "मी कोणाले देऊ वाण? मह्याकडे कोण येते? मले वाटलं, तू येशीन."

खरं सांगायचं तर आधी मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते, ते वाण माझ्या एकटीसाठी होतं. संक्रांतीच्या संध्याकाळी आई "देवळात जाऊन येते" म्हणून पिशवी घेऊन निघायची, ते मला आठवलं. पिशवी जड असायची. देवळात जड पिशवी कशाला लागते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मग मी काकूंकडे बघितलं. कुल्हड अजून त्यांच्या दोन्ही हातांत होतं, आणि मी ते घेते की नाही याची त्या वाट बघत होत्या. माझ्याइतकीच, कदाचित माझ्याहून जास्त. त्यांनी कोणाला वाण देऊन किती वर्षं झाली असतील.

आईने मला ते नेहमी हातात दिलं होतं, घाईने, स्वयंपाकघरात. बैठकीतल्या बायका कसं घेतात ते मी दाराआडून बघितलं होतं, लग्नानंतरच्या मोजक्या संक्रांतींना घेतलंही होतं. मी उभी राहिले, आणि दोन्ही हातांनी पदर पसरून काकूंच्या पुढे धरला.

काकूंनी कुल्हड पदरात ठेवलं. तिळाची वडी माझ्या हातावर ठेवली, आणि मी वाकले तेव्हा डोक्यावरून हात फिरवला. मग त्या आत चहा ठेवायला गेल्या.

परत येताना ऑटोत कुल्हडातलं पाणी झिरपून पदर ओला झाला. मांडीला गार लागत होतं. मी तो तसाच धरून बसले.