गोटेमास्तरची गार

हे मी आजवर कोणाच्या कानावर जाऊ देलं नाही. माह्या बायकोच्याही नाही — अन् तिले तर मी काल कितीदा शिंकलो हेही ठाऊक असते! तुमाले सांगतो. हसू आलं तर हसा, मी नाही म्हणत नाही.

मले चिलमीचा नाद. लढाईचे दिवस, आमच्या मेडशीत आगपेटी औषधालेही भेटे ना. मग सारे पुन्हा चकमकीवर आले — पोलादाची पट्टी, गारेचा म्हंजे गारगोटीचा टवका अन् सावरीचा कापूस. ठोका, ठिणगी पाडा, चिलीम पेटवा.

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या कालेजातून एक प्रोफेसर आले. दिवसभर नाल्यात गोटे फोडत, म्हणून गावानं त्याइचं नाव पाडलं गोटेमास्तर. उतरले माह्या घरी. गारेचा तुकडा काचेवर घासू घासू कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ करत अन् आपल्या दुर्बिणीखाली धरून पाहत बसत. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी असे ओरडले का गोठ्यातले बैल उठून उभे राह्यले! मलेही दाखवलं. काय सांगू गड्या — राजगिऱ्याहून बारीक दाणे, अन् त्याइच्यावर गोल फिरत गेलेल्या रेघा!

"दादाराव, हा काळा खडक व्हायच्या आधी इथे तळं होतं. त्या तळ्यातल्या झाडाचं हे बी दगड होऊन राहिलंय. असलं बी अजून कोणी पाहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. त्याइचे डोळे भरले होते.

तो एक काप त्याइनं संगं नेला. ज्या गारेतून तो काढला ती नारळाएवढी गार मात्र माह्यापाशी ठेवली — गाडीतल्या बाकी गोट्याइत गहाळ व्हईन म्हणून. तशी दुसरी काही भेटली नव्हती. भरवसा माह्यावर! माणसाची पारख नव्हतीच त्याइले.

आता कसं सांगू... त्या गारेची ठिणगी लय झकास पडे हो. एका ठोक्यात कापूस पेटे! पहिल्यांदा एकच टवका काढला, देवाशप्पत. मग शेजारी आला, त्याले एक देला. मग पारावरचे सारेच आले. आयजीच्या जिवावर बायजी उदार! होळीपर्यंत गार खलास.

मास्तरची चिठ्ठी आली — गार न्यायले येतो. माह्या तोंडचं पाणी पळालं. कबूल करायचं? कायले! नाल्यातून तशीच एक गार उचलली, मास्तर टाकत तसा चुन्यानं आकडा टाकला. त्याइनं ती लेकरावानी उराशी धरली. मले हसू दाबता दाबे ना.

पुढच्या साली आले ते पार सुकून. मोठमोठ्या विद्वानाइनं त्याइचा काप पाह्यला अन् म्हतलं, हे तर काचेवरची घाण हाये, दुसरा काप दाखवा. मास्तरनं माह्यावाल्या गारेचे कापावर काप घासले, बोटं सोलून निघाली. एकातही दाणा नाही. भरल्या सभेत लोकं हासले.

मग मले इचारलं, "दादाराव, ही तीच गार ना?"

तवा तरी बोलायचं होतं — नाही का? मी म्हतलं, "मायची आन मास्तर, तीच हाये."

"मग मलाच भास झाला असेल," ते म्हणाले. पुढं ऐकलं, त्याइनं गोटे फोडणंच सोडलं.

भास नव्हता. मलेही दिसले होते ना ते दाणे — साफ दिसले होते! तेवढंही मी त्याइले सांगतलं नाही. त्याइची पेटी उचलून गाडीत ठेवली, अन् रामराम केला.