बाबांच्या शेजारचे फोटो

आमच्या घरातल्या फोटोंचं खातं माझ्याकडे का आलं, ते मला कुणी विचारलं नाही. मला मोबाइल जरा बरा वापरता येतो, एवढाच माझा गुन्हा. बाबा गेल्यावर जो तो निरोप धाडायचा, ‘त्यांचा तो फोटो पाठव गं’, ‘तो दुसरा पाठव गं’. पाठवून पाठवून मी कंटाळले. शेवटी क्लाउडवर एकच खातं उघडलं, तेच माझ्या, आईच्या आणि मस्कतला असलेल्या धाकट्या भावाच्या फोनवर चालू केलं, घरातले जुने फोटो स्कॅन करून त्यात घातले आणि नातेवाइकांना अल्बमची लिंक देऊन टाकली. म्हटलं, बघा काय बघायचं ते, आता मला सोडा.

सुटका कसली होतेय! आई रोज सकाळी येणारे गुलाब आणि सुविचार जिवापाड जपते. ते आपोआप वर चढतात, जागा भरते आणि भरल्याची सूचना येते मला. मी बोरिवलीला, आई जोगेश्वरीला, आमच्या जुन्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये एकटी. सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जातात. मी आईच्या फोनमधले गुलाब काढायला जाते.

त्या दिवशी ऑफिसात डबा उघडला आणि चिपळूणहून आत्याचा फोन आला.

“काय गं, दादाचे फोटो कुठे गेले? तुझ्या लग्नातला शेजारणीला दाखवायला गेले, तर नाहीच!”

“नेट गेलं असेल आत्या.”

“नेट गेलं तर बाकीचे कसे दिसतात? मला काय खुळी समजतेस?”

डबा बाजूला ठेवून मी अल्बम उघडला. माझ्या लग्नात मांडवात उभे असलेले बाबा आणि मी, तो फोटो नव्हता. भावाच्या पदवीच्या दिवशी बाबांनी त्याची काळी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली होती, तो नव्हता. गुहागरच्या समुद्रावर बाबांनी माझ्या मुलीला खांद्यावर घेतलं होतं, तोही नव्हता. बाबांबरोबरचा माझा चांगला असा तो मांडवातलाच एक फोटो. मूळ कागदी फोटो घर बदलताना पावसाच्या पाण्यात भिजून गेला होता. उरलं होतं ते एवढंच.

कुणी खातं फोडलं की काय म्हणून आधी घाबरून पासवर्ड बदलला. मग सुचलं, कचरापेटी बघावी. सगळे तिथे होते. काही दिवसांत कायमचे पुसले जातील, अशी तळाशी सूचना होती. एकेक निवडून काढलेले दिसत होते, चुकून बोट लागलेलं नव्हतं. भावाला विचारलं, तर त्याचं उत्तर आलं, “मी कशाला काढू ताई? मला तर अजून जिना चढू देत नाहीत.” दोनच आठवड्यांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं होतं, स्टेंट बसला होता. आईला तिकडे जाता आलं नव्हतं. तिचा पासपोर्टच नव्हता.

म्हणजे राहिली आई.

संध्याकाळी तशीच जोगेश्वरीला उतरले. रिक्षावाल्याशी भांडण झालं, लिफ्ट बंद होती. दार उघडल्या उघडल्या मी सुरू केलं.

“फोटो तू काढलेस?”

“हो,” आई म्हणाली. “आधी पाणी पी.”

“पाणी नको मला. का काढलेस?”

तिने शांतपणे चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, “तुझ्या त्या फोटोवाल्याने आपणहून सिनेमा करून पाठवला होता. गाणं लावून. हे आणि बाळ्या, दोघं हसताहेत, एकमेकांच्या गळ्यात हात. मी बघितला, मला बरं पण वाटलं. दुसऱ्या दिवशी बाळ्याला दवाखान्यात नेलं.”

पन्नाशीला आलेला माझा भाऊ तिच्यासाठी अजून बाळ्याच आहे. अॅप जुन्या फोटोंचे असे व्हिडिओ आपोआप जुळवतं, ते कुणी मुद्दाम पाठवत नाही, हे मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं.

“गेलेल्या माणसाच्या शेजारी जिवंत माणसाचा फोटो लावतो का आपण भिंतीवर? हे गेले तेव्हा आपला सगळ्यांचा मोठा फोटो मी उतरवला की नाही? मग ह्याच्यात कसा चालेल?”

“आई, ही भिंत नाही गं.”

“रोज बघतो ना? मग भिंतच.”

मला संताप आला. काय काय बोलले मी! अडाणीपणा म्हणाले, खुळचटपणा म्हणाले. त्याला सिगारेटने आजारी पाडलं, फोटोने नाही, म्हणाले. माझ्या लग्नातला फोटो पुसायचा तुला काय अधिकार, असंही म्हणाले. ती चहा गाळत राहिली.

“मला तिकडे जाता येत नव्हतं,” ती एवढंच म्हणाली. “इथे बसून दुसरं काय करणार होते मी?”

दिवसभराचा शीण एकदम अंगावर आला. खुर्चीत बसून कचरापेटीतले सगळे फोटो आधी माझ्या फोनमध्ये, आईच्या हाती न लागणाऱ्या वेगळ्या खात्यात उतरवून घेतले. मांडवातला उतरला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. अल्बममध्ये मात्र परत घातले नाहीत. आत्याला काहीतरी थाप मारू म्हटलं. आईला दाखवलं, “हे बघ, तुझ्याकडे आता कुणीच बाबांच्या शेजारी नाही. झालं समाधान?” तिने मान हलवली.

मग जाण्याआधी उगाच तिच्या फोनवर अल्बम वर सरकवत राहिले. दुपारी मी काय नाही तेच शोधलं होतं, काय आहे ते बघितलंच नव्हतं. एकटे बाबा होते. आणि बाबा-आई होते. महाबळेश्वरला घोड्यांपाशी. सत्यनारायणाला पाटावर. ह्याच घराची किल्ली मिळाली तेव्हा रिकाम्या खोलीत, दोघंच. एकही काढला नव्हता.

“हे राहिले की,” मी म्हणाले.

“ते राहू देत.”

“का? नियम तो नियम. तूही आहेस ना त्यांच्या शेजारी.”

आईने फोन माझ्या हातातून घेतला, पदराने काच पुसली. “सगळेच काढले तर हे एकटे पडतील. आणि मला आता कसली भीती?”

तिने ते भाजी काय करू विचारावं तसं सांगितलं. मला मात्र एकदम धडकी भरली. तासभर तिला अडाणी म्हणून भांडलेली मी तिच्यापुढे बसले आणि तिचा हात धरून म्हणाले, “आई, तुझेही काढ ना गं. प्लीज. मी काढून देते.”

“वेडी का तू,” ती म्हणाली, आणि फोन उशाखाली ठेवून दिला.