आत्याच्या हलक्या गोण्या

माझी आत्या बेटावरचा किनारा झाडायची. नगरपालिकेच्या कागदावर ‘किनारा सफाई कामगार’. मी त्याच कार्यालयात टायपिस्ट. त्यामुळे पुढचं सगळं मला आतून ठाऊक आहे, आणि म्हणूनच माझं डोकं अजून फिरतं.

आत्या प्लास्टिक, तुटक्या दोऱ्या, फुटक्या बाटल्या गोणीत भरायची. समुद्राने टाकलेलं शेवाळ मात्र दाताळ्याने ओढत नेऊन वाळूच्या टेकाडांच्या पायथ्याशी पसरायची. “उडती वाळू यात अडकते, मग वर वेल धरते,” म्हणायची. मर्यादवेलीचा कोंब तुडवणाऱ्याची ती जागेवर खरडपट्टी काढायची, मग तो नगराध्यक्षांचा जावई का असेना. टेकाडांमागे आमची विहीर होती. बेटावर गोडं पाणी तेवढंच.

नव्या साहेबांनी कामाचं मोजमाप ठरवलं ते गोण्यांच्या वजनावर. किनारा म्हणजे त्यांना भंगाराचं दुकान वाटलं की काय कोण जाणे! बाकीचे कामगार ओलं शेवाळ वाळूसकट कोंबू लागले आणि शाबासकी घेऊ लागले. आत्याच्या गोण्या हलक्या, म्हणून तिला कामचुकारपणाचा मेमो निघाला. तो मीच टाईप केला. एकही चूक न करता टाईप केला, याची मला लाज वाटते.

आत्या मेमो घेऊन थेट साहेबांच्या टेबलाशी गेली.

“साहेब, टेकाडं गेली तर विहीर जाईल.”

“अहो बाई, वाळू आहे ती. तुम्ही झाडा, विचार आम्ही करतो.”

केला की विचार! स्वच्छ किनाऱ्याची पाहणी जवळ आली तशी यंत्रं आली. चार दिवसांत टेकाडं सपाट, वेली मुळासकट गोण्यांत. किनारा अगदी इस्त्री फिरवल्यासारखा. ढाल मिळाली, फोटो निघाले, आणि आत्याची बदली सार्वजनिक शौचालयांवर झाली.

पुढच्या मोठ्या उधाणाला पाणी अडवायला काहीच उरलं नव्हतं. समुद्र सरळ विहिरीत शिरला. आता पिण्याचं पाणी बोटीने येतं आणि आम्ही डबे घेऊन धक्क्यावर रांग लावतो. साहेबांचा डबा शिपाई भरून नेतो, हेही सांगून टाकते.

मागच्या आठवड्यात साहेब आत्याच्या घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

“मावशी, ती टेकाडं परत उभी करायची आहेत. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे.”

कालपर्यंतची बाई आज मावशी झाली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

“होईल,” ती म्हणाली. “कुंपण घाला, शेवाळ पडू द्या, वेल लावू, माणसाचा पाय पडू द्यायचा नाही. पंधरा-वीस वर्षं लागतील. मी आत्ताच अठ्ठावन्नची आहे, साहेब. आजच दोघी जणी हाताखाली द्या, म्हणजे माझ्यामागे त्या बघतील.”

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं, खोडलं. मग मान वर करून अगदी मनापासून विचारलं, “पण पुढच्या पाहणीच्या आत होईल ना?”